घडी

एका गालाला फेस आणि गळ्याशी वस्तरा, अशा अवस्थेत त्याने समोरच्या आरशातून मागच्या भिंतीवरचा टीव्ही पाहिला. आरशात सगळं उलटं दिसत होतं, तरी मालिकेतलं घर लगेच ओळखू आलं. तो हिरवट सोफा, त्याच्या मागचा जिना, जो आठ-दहा पायऱ्यांनंतर कुठेच पोचत नव्हता, टेबलावरचं प्लास्टिकच्या फळांचं भांडं. आदल्या संध्याकाळचा भाग सकाळी पुन्हा दाखवत होते. सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, गोळी घेतलीत का?" त्याच्या मानेने आपोआप वर व्हायची तयारी केली. इतके महिने या प्रश्नावर तीच मान वर होत आली होती. "हलू नका, आबा," सलूनवाला म्हणाला. सोफ्यावरच्या माणसाने मान वर केली. अंगात तोच करडा स्वेटर होता, कोपराला तेच ठिगळ होतं, आणि चेहरा दुसऱ्याचा होता. "घेतो गं," तो चेहरा म्हणाला. सून हसली. तिला काहीच वेगळं वाटलेलं दिसलं नाही. नातीने येऊन त्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिलाही काही वाटलं नाही. वस्तरा गळ्याशी असताना माणूस बोलत नाही. सलूनवाल्याच्या तेवढ्यात लक्षात आलं असावं, कारण त्याने डाव्या हाताने रिमोट उचलून बातम्या लावल्या, आणि बाकावर नंबर लावून बसलेला गृहस्थ म्हणाला, "अहो, राहू द्या की ते. आमच्याकडे रोज बघतात." मग त्या गृहस्थाने आरशात पाहिलं आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. दुसऱ्या गालाची दाढी सलूनवाल्याने इतक्या हळुवारपणे केली, की त्याला ती सहन होईना. आजाऱ्याची करावी तशी. खरं तर आजारपण संपलं होतं, आणि संपल्याच्या आनंदातच तो आज पहिल्यांदा एकटा घराबाहेर पडला होता.

फुफ्फुसात पाणी झालं होतं. हॉस्पिटलमध्ये प्रॉडक्शनवाला फुलं घेऊन भेटायला आला होता. अगदी पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला होता, आबा, सावकाश या, घाई नाही, तुमची खुर्ची कुठे पळून जात नाही. मालिकेत आजोबांना बहिणीकडे पाठवलंय म्हणाला, महिना-दीड महिना राहतील बहिणीकडे, काय बिघडतं. ते ऐकून त्याला आत कुठेतरी उबदार वाटलं होतं. नाकात नळी होती तरी त्याने विचारलं होतं, बहीण मोठी की धाकटी? सगळे हसले होते. आता रस्त्याने घरी येताना त्याला तो प्रश्न आठवला आणि चार माणसांत आपल्या लेंग्याची नाडी सुटावी तशी लाज वाटली. समोरून दुकानांची शटरं वर जात होती. एक बाई त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली आणि हसता हसता थबकली. म्हणजे तिनेही पाहिलं होतं. म्हणजे सगळ्यांनी. गावभर झालं आणि घरधन्याला पत्ता नाही. आणि मग त्याला एकदम कळलं, की घरधनिणीला होता. त्याच्या खोलीतला टीव्ही बिघडला होता, तो नेमका आठ-दहा दिवसांपूर्वी. दुरुस्तीवाला सापडत नव्हता. डॉक्टरांनी म्हणे डोळ्यांवर ताण नको सांगितलं होतं. संध्याकाळी ठरावीक वेळी बायको त्याला गच्चीवर हवा खायला नेत होती आणि तोही शहाण्या मुलासारखा जात होता. किती जपते आपल्याला, असं मनात म्हणत होता.

घरात शिरल्या शिरल्या त्याने विचारलं नाही. बायको भाजी निवडत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. "सलूनमध्ये टीव्ही असतो, माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. एवढंच. मग त्याने विचारलं तसं तिने सांगितलं, की एका भागाच्या सुरुवातीला खाली पट्टी आली होती, यापुढे ही भूमिका अमुक करतील म्हणून. पट्टी इतक्या जलद सरकली, की अर्धी वाचेपर्यंत गेली. "तो तुमच्या नाटकातला शिट्टीच ना? नवे दात बसवलेत वाटतं," ती म्हणाली. तो शिट्टीच होता. त्याच्या 'स'मधून शिट्टी निघायची म्हणून हे नाव. त्या शिट्टीपायी त्याला जन्मभर नोकर, हवालदार, पत्र घेऊन येणारा माणूस, असल्याच भूमिका मिळाल्या. लांब वाक्य दिलं की पहिल्या रांगेतली पोरं खिदळायची. विंगेत उभ्या उभ्या दोघांनी एका कपातला चहा कितीदा प्यायला असेल. त्याच्यावर राग धरावा असं त्या क्षणी फार वाटलं. रागाला एक चेहरा हवा असतो. पण डोळ्यांपुढे येत होता तो पत्र घेऊन येणारा शिट्टी. पत्र देऊन झाल्यावर विनाकारण क्षणभर रंगमंचावर रेंगाळणारा.

त्याचं स्वतःचं आबा हे नावही असंच चिकटलेलं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नुकता कारकून म्हणून लागला होता. ऑफिसच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करणारा हेडक्लार्क ऐन वेळी आजारी पडला आणि कोणीतरी म्हणालं, या नव्याला उभा करा, याचा आवाज खोल आहे. केसांना पांढरी पावडर फासली, भुवयांवर पांढरा रंग ओढला. त्या म्हाताऱ्याचं नाव आबा होतं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात, मग नाटकाच्या मंडळीत, मग गल्लीत तो आबा झाला. गालावर धड दाढी आली नव्हती तेव्हापासून. एकदा वडीलसुद्धा जेवताना म्हणाले, "आबा, मीठ सरकवा," आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला. नायकाची कामं त्याने मागून पाहिली. दिग्दर्शक म्हणायचे, अरे, नायक रस्त्यावर पडलेत, बाप मिळत नाही. मग तो बाप झाला. मित्रांचा बाप, त्याच्याहून थोराड नायिकांचा बाप. पुढे नोकरी सोडली, टीव्ही आला. डॉक्टर झाला, मुख्याध्यापक झाला, न्यायाधीश तर इतक्या वेळा, की खरे वकील लग्नसमारंभात त्याला वाकून नमस्कार करायचे. केस खरोखर पांढरे झाले तेव्हा रंगभूषाकार म्हणाला, चला, तुमचं वय एकदाचं तुमच्यापर्यंत पोचलं. मुलगी लहानपणी शाळेतून येऊन विचारायची, आज तू कोणाचा बाबा आहेस? ती आता परदेशात आहे. फोनवर हवापाण्याचं बोलते. तिलाही बायकोने सांगितलं असणार. म्हणूनच मागच्या वेळी ती उगाच इतका वेळ बोलली.

त्याने प्रॉडक्शनवाल्याला फोन केला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. नंतर उचलला, तो फार आपुलकीने. तुमच्या तब्येतीपुढे काय हो, चॅनेलचा दबाव, कथानकच असं वळण घेत होतं की आजोबांवाचून पान हलेना. म्हाताऱ्याला किती दिवस बहिणीकडे ठेवायचा? तुमच्यासाठी दुसरं काहीतरी नक्की बघतो. भांडावं असं एकही वाक्य त्यात नव्हतं. भिंतीला हात लावून दार शोधावं आणि भिंत मऊ लागावी, तसं होतं ते. शेवटी तो म्हणाला, माझी पिशवी राहिलीय तिथे, थर्मास आणि शाल, ती न्यायला येतो. प्रॉडक्शनवाला म्हणाला, अहो, पाठवून देतो की. "नको, येतो," तो म्हणाला. बायकोने जाऊ नका म्हटलं नाही. फक्त मफलर आणून गळ्याभोवती गुंडाळला. गळा आवळला जाईल इतका घट्ट.

सेटवर शिरताच रंगाचा, तापलेल्या दिव्यांचा, शिळ्या चहाचा वास आला आणि पाय नेहमीच्या वाटेने चालू लागले. वायरी ओलांडायच्या जागा पायांना पाठ होत्या. सगळे उठून उभे राहिले, पाया पडले, किती वाळलात म्हणाले. त्याला बसायला खुर्ची दिली. ती पाहुण्यांची खुर्ची होती. नातीचं काम करणारी पोर धावत आली, अर्ध्यात थांबली, आणि आईकडे वळून म्हणाली, "जुने आजोबा आलेत." आईने तिला डोळे वटारले. त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार. मग कळलं, की आज आजी जाणार आहेत. आजीचं काम करणाऱ्या बाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी दूरदेशी जायचं होतं आणि म्हणून मालिकेत त्यांना हॉस्पिटलमध्ये मारलं होतं. बाईंनी त्याला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, तुमच्यापेक्षा माझं बरं हो, मला निदान रडतील तरी. दोघंही हसले. हसताना त्याच्या छातीत अजून थोडं दुखत होतं.

शिट्टी सोफ्यावर बसला होता. आजोबांना हॉस्पिटलातून फोन येतो, बातमी कळते, आणि ते कोसळतात, असा प्रसंग होता. शिट्टी कोसळत होता, पण गोणी पडावी तसा. पुन्हा फोन वाजायचा, पुन्हा तो तोंड वेडंवाकडं करायचा. डोळ्यांत घालायच्या थेंबांनी डोळे लाल झाले होते. दिग्दर्शिका तरुण होती, वाईट नव्हती, दर वेळी "छान होतं, अजून एक" म्हणत होती, आणि दर वेळी तिच्या आवाजातला छान थोडा थोडा आटत होता. शिट्टी तिच्याकडे बघत होता. नापास होणारा मुलगा मास्तरांच्या छडीकडे बघतो, तसं. दिवे बदलायला थांबले तेव्हा तो उठून याच्याकडे आला. नव्या दातांवरून जीभ फिरवत राहिला. मग म्हणाला, त्याला सांगितलं होतं आबा आता काम करणार नाहीत, डॉक्टरांनी मना केलंय. फोन करायचा होता, पण काय बोलायचं सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नाव वर आलंय, असंही म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. शेवटी खाली बघत म्हणाला, "मला जमत नाहीये रे. तू असतास तर काय केलं असतंस?"

तो भांडायला आला होता. निदान अबोल बसून सगळ्यांना खजील करायला तरी. पण हा प्रश्न कोणी विचारला की त्याच्या आतलं काहीतरी मालकाची परवानगी न घेता उठून उभं राहत असे. या सगळ्या गर्दीत उत्तर फक्त आपल्याजवळ आहे, ही जाणीव गोड होती आणि ती गोडी त्याला कळत होती. "रडू नकोस," त्याने शिट्टीला सांगितलं. "कपड्यांच्या घड्या घाल."

आई गेली त्या दुपारी वडील रडले नव्हते. हॉस्पिटलातून माणूस सांगत आला, तेव्हा ते मागच्या खोलीत गेले. तिथे दोरीवर आईचे कपडे वाळत होते. आदल्या दिवशी नव्या सुनेने धुऊन टाकलेले. वडील पोस्टात पार्सलच्या खात्यात होते. जन्मात त्यांनी घरच्या कपड्याला हात लावला नव्हता. त्यांनी एकेक कपडा काढला आणि पार्सल बांधावं तशी त्याची घडी घातली. कडेला कड जुळवून, तळहाताने दाबून, हवा काढून टाकत. सुनेने हात पुढे केला तर म्हणाले, "असू दे, मला येतं." झाल्यावर गठ्ठ्याकडे पाहिलं, पुरेशी घट्ट नाही असं वाटलं असावं, म्हणून सगळ्या घड्या मोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला बसले. तो दारात उभा होता. आई गेली हे त्याला कळलेलं होतं, आणि तरी त्याच्या आत कोणीतरी एक माणूस अंधारात, मधल्या रांगेत बसल्यासारखा, वडिलांचे हात बघत होता. आधी कड, मग तळहात, मग क्षणभर थांबणं. त्या माणसाला उठवून बाहेर काढता आलं नाही. पुढे काही वर्षांनी एका नाटकात त्याने ते केलं. प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. वडील प्रयोगाला आले होते. नंतर रंगपटात आले, लोक संपेपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले, आणि एवढंच म्हणाले, "बाह्या आत घ्यायच्या असतात. तू बाहेर ठेवल्यास." पुढच्या प्रयोगापासून त्याने बाह्या आत घेतल्या. वडील पुन्हा त्याचं नाटक बघायला आले नाहीत. पाय दुखतात म्हणाले.

कपडेपटातून आजींचे कपडे आणवले, सेटच्या मागच्या दाराशी दोरी बांधली. शिट्टीला दाखवायला म्हणून तो उठला. मफलर काढून ठेवला. पहिला कपडा दोरीवरून काढला तेव्हा तो दाखवत होता, तोंडाने सांगत होता, हे बघ, घाई करायची नाही. दुसऱ्या कपड्याला बोलणं थांबलं. तिसऱ्याला तो कपडा ओलसर आहे असं वाटायला लागलं, नसताना. बाह्या आत घेतल्या. तळहात दाबला. हवा गेली. हे काम त्याने अनेकदा केलं होतं, पण आज त्यात तो स्वतः कुठे नव्हता. हातच चालले होते, आणि छातीतून घुसमटल्यासारखा एक बारीक आवाज येत होता. तो आजारपणाचा होता की कसला, त्याला सांगता आलं नसतं. गठ्ठा झाला. त्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि घड्या मोडल्या. सेटवर चहाचा कप कोणी खाली ठेवत नव्हतं. कॅमेऱ्याजवळच्या माणसाने नाक ओढलं. दिग्दर्शिकेने तोंडावर हात ठेवला होता. आयुष्यात इतकं चांगलं आपल्याला कधी जमलं नव्हतं, हे त्याला कळलं, आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा बंद आहे. तो लागायचं कारणच नव्हतं.

शिट्टीला दुसऱ्या खेपेत जमलं. त्याचे हात तसेही थरथरत होते, ते कामी आले. टाळ्या झाल्या. तो पाहुण्यांच्या खुर्चीत बसून बघत होता आणि टाळ्यांत त्याच्याही टाळ्या होत्या. निघताना शिट्टीने त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेना. "तुझे उपकार आहेत, आबा," म्हणाला. नव्या दातांतून सगळे शब्द स्वच्छ आले. दिग्दर्शिका गाडीपर्यंत सोडायला आली, काहीतरी खास तुमच्यासाठी लिहून घेते म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "मिळाली का पिशवी?" पिशवी राहूनच गेली होती. त्याने सांगितलं, लोक बरे वागले, चहा दिला, शिट्टी भेटला. ती ऐकत राहिली. त्याने बाकीचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं, असं तेव्हा त्याला वाटलंही नाही.

टीव्ही आता बिघडलेला राहिला नाही. गच्चीवर जाणंही बंद झालं. काही दिवसांनी तो भाग आला. रोजच्या वेळेला दोघं पलंगाच्या कडेला बसून बघत होती. ती शेंगा सोलत होती. फोन वाजला, शिट्टीचा चेहरा थिजला, तो सोफ्यावरून उठला आणि मागच्या दाराशी गेला. संगीत लावलं होतं, जरा जास्तच. त्याने एक कपडा काढला. दुसरा काढला. बायकोचे शेंगांवरचे हात थांबले. शिट्टीने बाह्या आत घेतल्या.

"हे मामंजींचं आहे," ती म्हणाली.

पडद्यावर शिट्टी तळहाताने हवा काढत होता. खरं तर चांगलं करत होता. आपण वडिलांचा चेहरा आठवून पाहावा म्हणून त्याने डोळे मिटले. खोली आली, दोरी आली, हात आले. वर चेहऱ्याच्या जागी आधी आपलाच एका जुन्या नाटकातला रंगवलेला चेहरा आला, मग शिट्टीचा. त्याने घाईने डोळे उघडले.

"त्याला कसं ठाऊक?"

"मी दाखवलं."

"का?"

"त्याला जमत नव्हतं."

तिने पुन्हा शेंग उचलली, पण सोलली नाही. नुसती दोन बोटांत फिरवत राहिली. त्या दुपारी हात पुढे करणारी नवी सून तीच होती. असू दे, मला येतं, हे तिलाच सांगितलं गेलं होतं. त्या आठवणीवर तिचाही थोडा हक्क होता, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनात आलं नव्हतं. पडद्यावर गठ्ठा मोडून पुन्हा घड्या घालण्याआधीच जाहिराती लागल्या. तिने आवाज कमी केला.

"एक सांगू का," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दूध उतू जातंय बघा, असं सांगावं तसा आवाज होता. "माझं काही देऊ नका हं कुणाला."

मुलीच्या आधी एक मूल होतं, ते हॉस्पिटलातच गेलं. घरी परत आल्यावर बायको एक चप्पल काढून, दुसरी पायात तशीच ठेवून, संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसून होती. एका चपलेतलं ते बसणं त्याने निवृत्त न्यायाधीशाच्या भूमिकेत वापरलं होतं. त्या भूमिकेसाठी त्याला बक्षीस मिळालं. ती पहिल्या प्रयोगाला समोरच बसली होती आणि परतीच्या टॅक्सीत तिने भूक लागलीय का, एवढंच विचारलं होतं. तिला कळलं नाही, असं त्याने तेव्हा ठरवून टाकलं होतं.

त्याला हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं वाक्य. त्याने ते मनात म्हणून पाहिलं, तर ते न्यायाधीशाच्या आवाजात आलं. पुन्हा म्हणून पाहिलं, तर आजोबांच्या. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडे बघत थांबली होती. जाहिराती संपल्या, मालिका पुन्हा सुरू झाली, ओठ हलायला लागले, तरी तिने आवाज वाढवला नाही.